नदीच्या जागेंत माणसाचें घर



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. पुढें शिक्षकाच्या धंद्याचें शिक्षण घेऊन पस्तीसएक वर्षें मीं कृष्णाकांठच्या शाळांतून भूगोल शिकविला. एवढ्या काळांत मुलांनीं विचारलेल्या बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांत मिळत. एका प्रश्नाचें उत्तर मात्र मला कधीं नीट देतां आलें नाहीं. "गुरुजी, भूगोल शिकून माणूस पुढें काय होतो?" गणितवाला इंजिनिअर होतो, जीवशास्त्रवाला डॉक्टर होतो, भूगोलवाला फार झालें तर माझ्यासारखा भूगोलाचा मास्तर होतो, असें मी म्हणत असें आणि मुलें हंसत. सेवानिवृत्त होऊन घरीं बसल्यावर, म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारी संपल्यावर, तें उत्तर मला सांपडलें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें एका अमेरिकन भूगोलज्ञाविषयींचीं कांहीं पुस्तकें मला वाचावयास आणून दिलीं. इंग्रजी माझें बेताचेंच. शब्दकोश मांडीवर घेऊन तीं मीं सावकाश वाचलीं. त्या गृहस्थांच्या कामाविषयीं मी आज बोलणार आहें.

त्यांचें नांव गिल्बर्ट व्हाइट. त्यांनीं आयुष्यांत एकहि धरण बांधलें नाहीं, एकहि पूल उभारला नाहीं. तरीहि नद्यांच्या पुराकडे पाहण्याची सरकारांची दृष्टि विसाव्या शतकांत जी बदलली, तींत त्यांच्याएवढा वांटा दुसऱ्या कोणा एका माणसाचा क्वचितच असेल. पूर आल्यावर काय करावें हें सांगणारे पुष्कळ असतात. पूर येण्यापूर्वीं, आकाश निरभ्र असतांना, माणसानें कोठें घर बांधावें आणि कोठें बांधूं नये ह्याचा विचार करणें, आणि तो विचार कायद्यांत व नकाशांत उतरविणें, हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊं शकतो, हें त्यांच्या चरित्रावरून मला प्रथम कळलें.

व्हाइट ह्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९११ रोजीं शिकागो येथें झाला. त्यांच्या घराण्याचा वायोमिंग प्रांतांतील एका गुरांच्या कुरणांत हिस्सा होता. तेव्हां पाणी, गवत आणि जमीन ह्यांचें नातें त्यांनीं लहानपणींच पाहिलें होतें. शिकागो विद्यापीठांत ते भूगोल शिकले. हार्लन बॅरोज नांवाचे त्यांचे अध्यापक वॉशिंग्टनला सरकारी कामावर गेले आणि जातांना ह्या शिष्यालाहि घेऊन गेले. हें साल १९३४. शिष्याचें वय त्या वेळीं बावीस वर्षांचें. अध्यापकानें आपल्याबरोबर शिष्याला कामाला लावणें ह्यापरतें मोठें पारितोषिक नाहीं, असें मला आपलें वाटतें.

त्या काळीं अमेरिकेंत पुराचा प्रश्न ऐरणीवर आलेला होता. १९२७ सालीं मिसिसिपी नदीला असा पूर आला कीं, तिच्या दोन्ही कांठांवर पिढ्यान् पिढ्या उंच करीत आणलेले मातीचे बांध ठिकठिकाणीं फुटले आणि सुमारे २७,००० चौरस मैल मुलूख पाण्याखालीं गेला. लाखों लोक बेघर झाले. तोंवर तेथील इंजिनिअर लोकांचा असा पक्का समज होता कीं, नदीला दोन बांधांच्या मध्यें कोंडलें म्हणजे काम झालें. ह्या आपत्तीनें तो समज डळमळला, पण गेला नाहीं. बांधांच्या जोडीला धरणें व सांडवे आले इतकेंच. १९३६ सालीं तेथील मध्यवर्ती सरकारनें कायदा करून पूरनियंत्रण हें आपलें कर्तव्य म्हणून पत्करलें आणि सरकारी खजिन्यांतून बांधबंदिस्तीवर पैशाचा ओघ सुरू झाला.

आतां येथें मला थोडा वर्ग घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. संवय आहे; क्षमा असावी. नदी डोंगरांतून सपाटीवर आली म्हणजे तिचा वेग मंदावतो. तिनें बरोबर आणलेला गाळ ती आपल्या दोन्ही अंगांना टाकते. मोठ्या पावसाळ्यांत पात्रांत न मावणारें पाणी कांठ ओलांडून पसरतें आणि गाळाचा आणखी एक थर ठेवून ओसरतें. हजारों वर्षें असें चालून नदीच्या दोन्ही बाजूंना जी सपाट, काळी, कसदार जमीन तयार होते तिलाच आपण पूरमैदान अथवा पूरपट्टा म्हणतों. लोक म्हणतात कीं पुराचें पाणी आमच्या जमिनींत घुसलें. खरी गोष्ट अशी आहे कीं ती जमीन पुरानेंच केलेली आहे. बाराहि महिने जेथून पाणी वाहतें तें नदीचें रोजचें अंथरूण, आणि वर्षानुवर्षांतून एकदां पसरावयाला लागतें तें हें मैदान. सपाट असल्यानें येथें रस्ते स्वस्तांत होतात, विहिरीला पाणी लवकर लागतें, पिकें जोमानें येतात. म्हणून माणूस येथेंच घर बांधतो. त्यांत त्याचा मूर्खपणा आहे असें म्हणतां येणार नाहीं. त्याला लाभ दिसतो तो रोजचा असतो आणि धोका दिसत नाहीं तो कधींमधीं येणारा असतो.

व्हाइट ह्यांनीं नोकरी संभाळून जो प्रबंध लिहिला, तो १९४२ सालीं पुरा झाला व १९४५ मध्यें शिकागो विद्यापीठानें छापला. माणसानें पुराशीं कसें जुळवून घेतलें आहे व कसें घेतां येईल, हा त्याचा विषय. त्याचा गाभा असा कीं, पाऊस आणि पूर हें निसर्गाचें काम खरें. पण त्यांतून होणारें नुकसान हें बहुतांशीं माणसानें आपल्या हातानें मांडून ठेवलेलें असतें. तें एकदां मान्य केलें म्हणजे पुराला तोंड देण्याचा मार्ग एकच राहत नाहीं. त्यांनीं असे आठ मार्ग दाखविले. बांध-धरणें हा त्यांपैकीं फक्त एक. जमिनीवर भराव घालून ती उंच करतां येते. वरच्या डोंगरांवर झाडझाडोरा राखून पाण्याची धांव कमी करतां येते. घराची बांधणीच अशी करतां येते कीं पाणी आलें तरी फारसें बिघडूं नये. कोंकणांतील व आसामांतील उंच जोत्यांचीं किंवा खांबांवरचीं घरें आपल्याला ठाऊक आहेत. वेळेवर इशारा देऊन माणसें, गुरें व धान्य हलवितां येतें. नुकसान झाल्यावर सरकारी मदत आहे, विमा आहे. आणि शेवटीं, मला वाटतें सर्वांत महत्त्वाचा मार्ग असा कीं, त्या जमिनीचा उपयोगच बदलावा: जेथें पाणी येणार तेथें शेती, कुरण, बाग, मुलांचें खेळाचें मैदान असावें, इस्पितळ, शाळा आणि माणसांचीं निजण्याचीं घरें उंचावर असावीं. सरकार ह्या आठांपैकीं एकदोनच मार्गांवर सगळा पैसा घालतें आणि बाकीच्यांचा विचारहि करीत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती.

ह्या प्रबंधाला लगेच कोणी डोक्यावर घेतलें असें नाहीं. युद्ध चालू होतें. व्हाइट हे क्वेकर पंथाचे, शस्त्र न धरणारे. ते १९४२ सालीं निर्वासितांना अन्नवस्त्र पोंचविण्याच्या कामासाठीं फ्रान्समध्यें गेले, तेथें जर्मनांच्या हातीं सांपडले आणि बाडेन-बाडेन येथें अडकून राहिले. १९४४ मध्यें सुटून परत आले. पुढें १९४६ पासून नऊ वर्षें हॅव्हरफर्ड महाविद्यालयाचे ते अध्यक्ष होते. भूगोलाकडे ते परतले ते १९५५ नंतर, शिकागो विद्यापीठांत.

परतल्यावर त्यांनीं पहिलें मोठें काम केलें तें हिशेब तपासण्याचें. १९३६ च्या कायद्यानंतर पूरनियंत्रणावर एवढा पैसा गेला, तर पुराचें नुकसान किती घटलें? त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सतरा नागरी विभागांचे पूरपट्टे पाहिले. कोठें, केव्हां, किती घरें व कारखाने उभे राहिले ह्याची मोजदाद केली. १९५८ सालीं तें काम प्रसिद्ध झालें, आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष सरकारला गोड लागण्यासारखा नव्हता. पूरपट्ट्यांत वस्ती वाढतच होती, आणि नुकसानहि घटण्याऐवजीं वाढत होतें. बांध बांधला कीं त्याच्या आडची जमीन सुरक्षित वाटूं लागते. सुरक्षित वाटली कीं तिची किंमत चढते. किंमत चढली कीं तेथें पेठ वसते. मग एखाद्या वर्षीं बांधाच्या कल्पनेपलीकडचें पाणी येतें आणि पूर्वीं जेथें मक्याचें पीक बुडालें असतें तेथें अख्खें नगर बुडतें. म्हणजे बांध लहान पूर अडवितो आणि मोठ्या पुरासाठीं जास्त माणसें जमवून ठेवतो.

आपल्या देशांत ह्याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. बिहारमध्यें १९५४ पासून हजारों किलोमीटर तटबंध बांधले गेले, आणि त्याच काळांत त्या प्रांतांतील पूरग्रस्त होण्याजोगें क्षेत्र सुमारें २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाख हेक्टरांवर गेल्याचे आंकडे आहेत. २००८ सालच्या ऑगस्टमध्यें कोसी नदीचा बांध नेपाळांत कुसहा येथें फुटला, तेव्हां ज्या गांवांनीं कित्येक वर्षें पूर पाहिलाच नव्हता त्यांच्यावर नदी चालून गेली. बांध मुळींच नकोत असें व्हाइट कधीं म्हणाले नाहींत, आणि मीहि म्हणत नाहीं. ज्या जुन्या शहराला हलवितां येत नाहीं त्याला भिंत घालावीच लागते. प्रश्न तिच्या आड नवें काय उभें राहतें हा आहे.

ह्यापुढची त्यांची पायरी मला अधिक मनोवेधक वाटते, कारण ती माझ्या घरांतून जाते. लोक धोका असूनहि तेथें कां राहतात? त्यांना ठाऊक नसतें, कीं ठाऊक असून ते दुर्लक्ष करतात? हें अनुमानानें ठरवूं नये, लोकांनाच विचारावें, असें व्हाइट ह्यांचें मत. त्यांचे एक शिष्य रॉबर्ट केट्स हे टेनेसी प्रांतांतील ला फॉलेट ह्या गांवीं जाऊन तेथील लोकांशीं बोलले. १९६२ सालीं त्यांनीं जें लिहिलें त्याचा मथितार्थ असा कीं, माणूस आपल्या अनुभवाचा कैदी असतो. त्यानें जेवढा पूर डोळ्यांनीं पाहिला तेवढाच पूर येऊं शकतो असें तो धरून चालतो. त्याहून मोठा त्याच्या कल्पनेंत मावत नाहीं.

हें वाचलें आणि मी पुस्तक मिटून ठेवलें. आमचें घर वडिलांनीं बांधलेलें, सांगलीच्या सखल भागांत. २००५ सालच्या पुरांत घरांत दीड फूट पाणी आलें. त्या वेळीं आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. असें पाणी वडिलांनीं पाहिलें नव्हतें, शेजारच्या म्हाताऱ्यांनीं पाहिलें नव्हतें. पुढें भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढून मीं घराचें जोतें तीन फूट उंच करून घेतलें. भिंतीवरील पाण्याच्या रेघेपासून मीं स्वतः पट्टी लावून मोजलें: नवी फरशी रेघेच्या दीड फूट वर. गवंडी म्हणाला, "गुरुजी, आतां काळजी नाहीं." मलाहि तसेंच वाटलें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें पातळी ५७ फुटांच्या वर गेली. नव्या फरशीवर सव्वादोन फूट पाणी उभें राहिलें आणि कित्येक दिवस हललें नाहीं. आम्ही उभयतां शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतों. माझ्या तीस वर्षांच्या टिपणवह्यांचा लगदा झाला. त्यांत पूरमैदानाची आकृति फळ्यावर कशी काढावी ह्याचीं टांचणेंहि होतीं. पूरमैदानाची व्याख्या मीं शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतली असेल. आपण राहतों तें घर त्या व्याख्येंत बसतें, हें मला एकदांहि सुचलें नाहीं. पट्टी लावून मोजलें तें गेल्या पुराचें पाणी, येणाऱ्या पुराचें नव्हे.

मग येणारा पूर मोजावा कसा? येथें भूगोलाला गणिताची मदत घ्यावी लागते. नदीच्या पातळीच्या जुन्या नोंदी घेऊन शास्त्रज्ञ असा हिशेब करतात कीं, अमुक उंचीचें पाणी सरासरीनें किती वर्षांतून एकदां येतें. 'शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर' हा शब्दप्रयोग त्यांतून आला, आणि त्यानें मोठा घोटाळा करून ठेवला आहे. ऐकणाऱ्याला वाटतें, आतां येऊन गेला, पुढचीं नव्याण्णव वर्षें मोकळीं! अर्थ तसा नाहीं. कोणत्याहि एका वर्षीं तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरांत एक, एवढाच त्याचा अर्थ. नदी मागील वर्षाचा हिशेब लक्षांत ठेवीत नाहीं. कोल्हापूरकरांनीं हें पाहिलें आहे: राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा २०१९ सालीं ५५ फुटांच्या वर गेली, आणि दोनच वर्षांनीं, २०२१ च्या जुलैमध्यें, ५६ फुटांच्या वर.

ज्यांना गुणाकाराची आवड आहे त्यांनीं घरीं करून पाहावें. दरवर्षीं शंभरांत एक, म्हणजे एखादें वर्ष सुखरूप जाण्याची शक्यता शंभरांत नव्याण्णव. तीस वर्षें, म्हणजे घराचें कर्ज फिटेपर्यंत, एकहि तसा पूर न येण्यासाठीं ०.९९ ला तीस वेळां स्वतःनेंच गुणावें. उत्तर ०.७४ येतें. म्हणजे कर्ज फिटण्याआधीं तो पूर एकदां तरी येण्याची शक्यता शंभरांत सव्वीस. आणि जो पंचवीस वर्षांतून एकदां येणारा म्हणतात, तो पंचवीस वर्षांच्या मुदतींत येण्याची शक्यता शंभरांत चौसष्ट. हा हिशेब मीं नोकरींत असतांना एकाहि वर्गाला घातला नाहीं, ह्याचें मला आतां वाईट वाटतें.

व्हाइट ह्यांच्या कामाचा कळस १९६६ सालीं झाला. अमेरिकन सरकारनें पूरनीतीचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली व तिचें अध्यक्षपद त्यांना दिलें. समितीनें सांगितलें कीं, १९३६ पासून सुमारें सात अब्ज डॉलर खर्चूनहि नुकसान वाढतें आहे. तेव्हां आतां पूरपट्ट्यांचे नकाशे करा, सरकारी इमारती व सरकारी पैसा धोक्याच्या जागीं नेऊं नका, आणि तेथील बांधकामावर स्थानिक संस्थांकडून निर्बंध घालवा. अध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं तो अहवाल त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें विधिमंडळाकडे धाडला आणि त्याच दिवशीं सर्व सरकारी खात्यांना पूरधोका ध्यानांत घेण्याचा हुकूम काढला. दोन वर्षांनीं, १९६८ सालीं, राष्ट्रीय पूरविम्याचा कायदा झाला. जें गांव आपल्या पूरपट्ट्यांतील बांधकामाला शिस्त लावील त्यालाच विमा मिळेल, अशी त्याची रचना.

विम्याविषयीं व्हाइट ह्यांचें मत सावध होतें. विमा हें दुधारी शस्त्र आहे, असें समितीनेंहि बजावलें होतें. हप्ता धोक्याच्या मानानें असेल तर माणूस विचारांत पडेल. हप्ता स्वस्त ठेवला आणि बांधकामाची शिस्त ढिली राहिली तर विमा हेंच पूरपट्ट्यांत जाण्याचें आमंत्रण होईल. पुढें झालें तें ह्या इशाऱ्यापासून फार दूर गेलें नाहीं. कांहीं घरें पुनः पुन्हां बुडालीं, पुनः पुन्हां भरपाई घेऊन त्याच जागीं उभीं राहिलीं; विमा योजना कर्जांत गेली आणि २०१७ सालीं तिचें १६ अब्ज डॉलरांचें कर्ज विधिमंडळाला माफ करावें लागलें. योग्य सल्ला देणें एक आणि तो सगळाच्या सगळा मानला जाणें दुसरें. अर्धा मानलेला सल्ला कित्येकदां न मानलेल्यापेक्षां महाग पडतो.

१९७० सालीं व्हाइट कोलोरॅडो प्रांतांतील बोल्डर गांवीं राहावयास गेले. तेथील विद्यापीठांत त्यांनीं १९७६ मध्यें नैसर्गिक आपत्तींविषयीं ज्ञान गोळा करून वांटणारें एक केंद्र काढलें. शास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी आणि प्रत्यक्ष मदतकार्य करणारे लोक दरसाल एकत्र बसावेत हा त्याचा एक उद्देश. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं ३१ जुलैच्या रात्रीं जवळच्या बिग थॉम्प्सन नदीच्या अरुंद खोऱ्यांत ढगफुटी झाली आणि १४० हून अधिक माणसें वाहून गेलीं. मोटारींतून पळून जाऊं पाहणारे कित्येक बुडाले. जे मोटार टाकून पायीं टेकडी चढले त्यांतले पुष्कळ वांचले. आज त्या प्रांतांतील डोंगरी रस्त्यांवर अशा अर्थाच्या पाट्या आहेत: पूर आला तर उंच जागीं चढा. मला ह्या पाट्यांचें फार कौतुक वाटतें. त्यांना खर्च किती आला असेल? पण कोणी तरी मेलेल्यांचा व वांचलेल्यांचा हिशेब शांतपणें मांडला, तेव्हां ती ओळ लिहितां आली.

खुद्द बोल्डर गांवांतून एक ओढा वाहतो. त्याचा मोठा पूर १८९४ सालीं आला होता, म्हणजे पाहिलेलें कोणी उरलें नव्हतें. तरी गांवानें हळूहळू त्याच्या कांठची जमीन मोकळी ठेवून बागा व पायवाटा केल्या. २०१३ च्या सप्टेंबरांत तेथें आठवड्याभरांत वर्षाचा म्हणावा एवढा पाऊस झाला. नुकसान झालेंच, त्या प्रांतांत माणसेंहि दगावलीं. पण ओढ्यालगतच्या त्या बागांतून जें पाणी गेलें तें कोणाच्या माजघरांतून गेलें नाहीं. व्हाइट हे पाहावयास नव्हते. ते ५ ऑक्टोबर २००६ रोजीं चौऱ्याण्णवाव्या वर्षीं वारले. ओढ्याच्या कांठीं त्यांच्या स्मरणार्थ एक खांब उभा केला आहे, पुतळा नाहीं. पन्नास, शंभर, पांचशें वर्षांतून एकदां येणारें पाणी कोठवर चढेल त्याच्या खुणा त्यावर आहेत.

त्यांनीं केलेलें बाकीचें काम सांगावयास वेळ नाहीं. मेकाँग नदीच्या खोऱ्याची पाहणी, आणि पत्नी अ‍ॅन व डेव्हिड ब्रॅडली ह्यांच्यासह पूर्व आफ्रिकेंत बायका पाणी किती लांबून व किती कष्टानें आणतात ह्याचा चौतीस ठिकाणीं केलेला अभ्यास, ह्यांचा केवळ उल्लेख करतों.

आपल्याकडे काय आहे? कागदावर बरेंच आहे. केंद्रीय जल आयोगानें १९७५ सालीं पूरपट्ट्यांच्या विभागणीसाठीं कायद्याचा एक नमुना राज्यांकडे पाठविला. मणिपूरनें १९७८ मध्यें कायदा केला. त्यानंतर थोड्याच राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. महाराष्ट्राला १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटल्याची आठवण आहे. येथें पाटबंधारे खात्यानें १९८९ च्या परिपत्रकानें नदीकांठीं दोन रेषा आंखण्याची पद्धति घातली. निळी रेषा म्हणजे ढोबळ मानानें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची मर्यादा. नदी व ही रेषा ह्यांमधील जागेंत बांधकामास मनाई. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. निळी व लाल ह्यांमध्यें बांधकाम अटींवर. कल्पना व्हाइट ह्यांच्या वळणाचीच आहे. अडचण अशी कीं नकाशावरची रेषा जमिनीवर कोणाला दिसत नाहीं. शेताच्या बांधाला दगड असतो. ह्या रेषेला तो नाहीं. आणि जेथें दगड नाहीं तेथें विकणाऱ्याच्या तोंडचा शब्द हाच दगड होतो.

तरुण श्रोत्यांसाठीं एक गोष्ट. पूर्वीं मुलांना जें उत्तर देतां आलें नाहीं तें असें: हें काम शिकविणाऱ्या संस्था आतां आपल्याकडेहि आहेत. दिल्लीस राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन संस्था आहे, मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेंत ह्या विषयाचें स्वतंत्र शिक्षण मिळतें. भूगोल, स्थापत्य, हवामान, कायदा, आंकडेशास्त्र, कोठूनहि ह्या कामांत शिरतां येतें. मात्र यश दिसण्याची हौस असणाऱ्यानें येऊं नये. ह्या धंद्यांत यश म्हणजे कांहीं न घडणें. आणि न बुडालेल्या घराचा सत्कार कोणी करीत नाहीं.

आतां माझ्या घरचें एक प्रकरण सांगून थांबतों. माझा पुतण्या साखर कारखान्यांत नोकरीला आहे. त्याला घरासाठीं दोन गुंठ्यांचा प्लॉट मिळतो आहे, गांवांतल्या भावाच्या निम्म्यानें. जागा मळईच्या काळ्या रानांत. मागच्या महिन्यांत तो मला म्हणाला, "काका, पुढें नदीला भिंत होणार आहे म्हणतात. मग पाणी कसलें येतंय?"

मी विचारलें, "कोण म्हणतात?"

"विकणारेच म्हणतात. आणि २०१९ ला सुद्धां तिथं कमरेएवढंच होतं."

"आणि आमच्या इथं २००५ ला किती होतं?"

तो गप्प राहिला. त्यानें आमच्या भिंतीकडे पाहिलें. रंग देतांना मीं त्या दोन रेघा मुद्दाम ठेवून घेतल्या आहेत. खालची आतां फरशीच्या खालीं, जोत्याच्या दगडावर आहे. मीं त्याला उपदेश केला नाहीं. त्याची अडचण मला ठाऊक आहे: उंचावरची जागा त्याच्या पगारांत बसत नाहीं, बहिणीचें लग्न डोक्यावर आहे, आणि भाड्याच्या खोलींत चौघांचा संसार आहे. ज्याला परवडत नाहीं तोच सखल जागीं जातो. ह्यावर उपाय नुसत्या नकाशानें होत नाहीं, उंचावर परवडणारी घरें असावीं लागतात. व्हाइट ह्यांच्या आठ मार्गांत ह्याचें नांव मला स्वतंत्रपणें सांपडलें नाहीं. मीं त्याला तो गुणाकार मात्र करावयास लावला, ०.९६ चा, पंचवीस वेळां. कारखान्याच्या हिशेबांत मुरलेला असल्यानें त्यानें तो माझ्याहून लवकर केला, उत्तराखालीं दोन रेघा ओढल्या आणि कागद खिशांत घातला.

इसार दसऱ्याला द्यावयाचा आहे. येत्या सोमवारीं आम्ही दोघे महापालिकेंत जाऊन त्या गटाचा क्रमांक निळ्या रेषेच्या अलीकडे पडतो कीं पलीकडे, तें नकाशावर बघून येणार आहोंत.